पुष्पाला न दिलेला निरोप

मी, कुंदाबाई जीवराम भारंबे, वय वर्षे सहासष्ट, व्यवसाय आधी नाटकात काम करणे, पुढे नाटके बसवणे, हल्ली काही नाही, राहणार जळगाव, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. अक्षर हलते ते छातीच्या दुखण्यामुळे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी भुलवलेले नाही. माझ्याकडून काही लिहून घ्यावे असे माणूस आज या घरात राहिलेलेही नाही. माझ्या मागे माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढे लिहिल्याप्रमाणे लावावी.

सन १९९० मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. ते या कागदाने रद्द होते. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात. कोणाला काय, एवढंच लिहा." मी म्हटले, देण्यासारखे माझ्याजवळ थोडे आहे, सांगायचे मात्र राहून गेले आहे, ते कोणत्या कागदावर लिहू?

कलम १. मी कोण ते.

माझे माहेर फैजपूरजवळचे. वडिलांची केळीची बाग होती. सोळाव्या वर्षी माझे लग्न जीवराम भारंबे यांच्याशी झाले. ते जळगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते आणि नाटकाचे वेडे होते. त्या काळी आमच्याकडे बायकांची कामे मिशा काढलेले पुरुष करत. १९५१ साली त्यांच्या मंडळाच्या नाटकात सुनेचे काम करणारा माणूस ऐन वेळी टायफॉइडने आडवा झाला. माझे पाठांतर चांगले होते, तालमीचा चहा मीच करायचे, म्हणून सगळे नाटक मला तोंडपाठ होते. जीवराम म्हणाले, "तू उभी राहशील का?" मी उभी राहिले. त्यानंतर तेवीस वर्षे उभीच होते.

गावोगावच्या जत्रांत तिथली पोरे नाटक बसवत आणि बायकांच्या कामांसाठी मला बोलावत. यावल, रावेर, चोपडा, अमळनेर, धुळे, साक्री. पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीने जायचे, दुपारी एक तालीम, संध्याकाळी नाटक. नायक माझ्याकडे न बघता बैलांच्या खुंट्याकडे बघून प्रेमाचे संवाद म्हणे. मी हसू दाबून त्याला सांभाळून घेई. पारोळ्याला एकदा मी तीन अंक घरंदाज सून झाले, लोक रडले, आणि नंतर त्याच घरी मला जेवायला ओट्यावर पान मांडले. "बाई, वाईट वाटून घेऊ नका, आमच्याकडे वडीलधारे आहेत." मी वाईट वाटून घेतले. अजून घेतलेले आहे. हे इथे लिहून ठेवते.

जीवराम १९७२ साली गेले. आम्हाला मूल नव्हते. वय झाले तसे आईची, मग आजीची कामे येऊ लागली आणि मग तीही येईनाशी झाली. तेव्हा मी मंडळाला म्हटले की मला नाटक बसवू द्या. ते पाच वर्षे हसले. १९७९ साली दुसरे कोणी मिळेना म्हणून दिले.

कलम २. शेतजमीन.

भालोद शिवारातील वडिलोपार्जित जमिनीत माझ्या पतीचा हिस्सा होता. तो माझे दीर यांनी आम्हाला कधी दिला नाही. बायको नाटकात गेली म्हणजे नवऱ्याने घर सोडले, असा त्यांचा हिशेब. सासूबाई गेल्या तेव्हा मला अंगणातूनच दर्शन घ्यायला लावले. आत देव होते. दीर आता नाहीत. त्यांचा मुलगा चिरंजीव लीलाधर हा जमीन कसतो, बाग चांगली ठेवतो. माझ्यातर्फे त्या हिश्श्यावर कोणी दावा सांगू नये. ती जमीन लीलाधरची. त्याच्या वडिलांना मी माफ केलेले नाही, पण ते लीलाधरने फेडायचे देणे नव्हे. दरवर्षी तो केळीचा एक घड पाठवतो. आणणाऱ्याला विचारले की "लीलाधरभाऊंनी दिला" एवढेच सांगतो. मला ते पुरेसे आहे.

कलम ३. दागिने व कपडे.

पती गेल्यावरही मी न काढलेले अंगावरचे मंगळसूत्र माझ्या देहाबरोबर जाऊ द्यावे किंवा काढून लीलाधरच्या बायकोला द्यावे, जे त्या वेळी सोयीचे पडेल ते. नाटकाच्या ट्रंकेतली ठुशी, पुतळ्यांची माळ, बाजूबंद हा सगळा माल खोटा आहे. १९६८ साली चोराने ती ट्रंक नेली आणि दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या नाल्याजवळ उघडून टाकून दिली. पंचनामा करणारे हवालदार म्हणाले, "बाई, चोर फार नाराज झालेला दिसतो." हे दागिने आणि जरीची लुगडी कोणत्याही शाळेला गॅदरिंगसाठी द्यावीत. धुवून द्यावीत.

कलम ४. 'वाट्याची विहीर' या नाटकाची हस्तलिखिते.

हे नाटक बन्सीलाल मास्तरांनी लिहिले. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. एका विधवेने दिरांकडे सामाईक विहिरीतला आपला पाण्याचा वाटा मागितला, एवढी त्याची गोष्ट. मास्तरांनी ते आपल्या खानदेशी बोलीत लिहिले होते, आहेचे शे, नाहीचे नही, सगळ्याचे बठ्ठा असे सगळे त्यात होते. मी लाल शाईने ते पानोपान खोडून पुस्तकी मराठी केली. नाट्यस्पर्धेचे परीक्षक पुण्याचे असतील, त्यांना कळले नाही तर, ही माझी भीती. मास्तर म्हणाले होते, "बाई, ही विहीर आता आपल्या शिवारातली राहिली नाही." मी ऐकले नाही. दोन्ही वह्या कपाटात आहेत. यापुढे कोणी ते नाटक केले तर मास्तरांची वही घ्यावी. लाल शाईची वही जपून ठेवण्याची गरज नाही.

कलम ५. पुष्पाबाईबद्दल.

आता जे लिहिते त्याच्यासाठी हा कागद आहे.

पुष्पाबाई निंबा भामरे ही मूळची पिंपळनेरची. नवऱ्याने टाकली. माहेरी परत गेली तर थोरला भाऊ धनसिंग याने कोणालाही तिला एका शब्दाने बोलू दिले नाही, पण ती स्वतःच म्हणाली की भावावर भार नको, आणि शिलाई शिकून जळगावला आली. १९८० साली ती माझ्याकडे नाटकाचे कपडे शिवायला आली. मापे घेता घेता ती तालीम ऐके. एकदा नायिकेचे काम करणारी मुलगी आली नव्हती. पुष्पा तोंडात टाचण्या धरून बसली होती, तिने त्या काढून परकराला लावल्या आणि बसल्या जागेवरून संवाद म्हटला. मी तेवीस वर्षे रंगमंचावर काढली होती. असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता, आणि माझा तर नव्हताच.

मी तिला शिकवले. चालायचे कसे, वळायचे कसे, उत्तर देण्याआधी किती थांबायचे. तिच्या तोंडातला शे काढायला मला वर्ष लागले. ती मला अक्का म्हणे.

माझी पहिली तिन्ही नाटके स्पर्धेत कुठेच आली नाहीत. १९८३ साली मंडळाच्या बैठकीत ठरले की या वर्षीही बाईंचे नाटक पडले तर दिग्दर्शन पुन्हा पुरुषाकडे द्यावे. मी तिथेच बसले होते. असे ठरवताना त्यांनी मला चहा दिला.

स्पर्धा धुळ्याला होती. डिसेंबरची सतरा तारीख. त्या दिवशी दोन नाटके होती, आमचे 'वाट्याची विहीर' दुपारी चारचे. सव्वातीनला मी मागच्या दाराशी उभी होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस धावत आला. बोटात एसटीचे तिकीट अजून तसेच धरलेले. पुष्पाने घरी पोस्टकार्ड टाकून तारीख आणि थिएटर कळवले होते, त्यावरून तो शोधत आला होता.

"पुष्पा कथा शे? मी तिना भाऊ, धनसिंग."

पुष्पा आत आहे, मी म्हटले, आणि विचारले, काय झाले.

"मायनं काही खरं नही, बाई. माय तिनी वाट देखी राहिनी. तिले लगेच धाडा. पावणेचारनी गाडी शे."

त्यांची आई तानुबाई चार दिवसांपासून अंथरुणाला होती. त्या दिवशी सकाळपासून एकच नाव घेत होती.

मी त्यांना म्हटले, "थांबा भाऊ, तिला विचारून येते." आणि आत गेले.

आत गेले, पण पुष्पाच्या खोलीपर्यंत गेले नाही. दार लोटून घेतले आणि दाराआड भिंतीला टेकून उभी राहिले. पंधरा पावलांवर ती आरशासमोर बसून कपाळाला कुंकवाचा पुसट डाग करत होती, मला दिसत होती. विधवेचे काम, म्हणून पुसलेले कुंकू. एखाद्या बाईला जाऊन विचारायला, तिने ऐकायला, विचार करायला आणि नकार द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ मी तिथे उभी राहिले. तो वेळ मला बरोबर कळत होता. तेच तर माझे काम होते.

मग बाहेर आले, मान खाली घातली आणि म्हणाले, "भाऊ, ती म्हणते, नाटक झाल्याशिवाय मला निघता येणार नाही."

धनसिंग माझ्याकडे बघत राहिले. "तिले सांगं ना तुम्ही? माय जाई राहिनी, अशी सांगं ना?"

"सांगितलं," मी म्हटले. "तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण इतक्या लोकांची मेहनत आहे, भाऊ."

डोळ्यांतल्या पाण्याची भर माझी. ती कोणी मागितली नव्हती. माझ्या साऱ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले काम मी त्या मागच्या दारात केले. एकच प्रेक्षक होता, त्याने विश्वास ठेवला. टॉवेल सोडून तोंड पुसले आणि स्टँडकडे गेला.

नाटक चारला सुरू झाले. पुष्पाने जे केले ते अजून धुळ्यात लोक सांगतात. मी विंगेत होते, पण मला एक शब्द ऐकू आला नाही. पावणेसातला पडदा पडला. मी तिला बाजूला घेतले आणि म्हटले, "आत्ताच ऑफिसात पिंपळनेरचा फोन आला होता. आईची तब्येत बरी नाही." मंडळाने जीप करून दिली. ती तोंडही न धुता बसली.

तानुबाई दिवेलागणीलाच गेल्या होत्या.

तिथे जे झाले ते मला पुष्पाने आठ दिवसांनी माझ्या घरी बसून सांगितले. भावाने तिला उंबऱ्यात अडवले. म्हणाला, मी स्वतः आलो होतो, तू मला परत पाठवलेस, आता ज्यांच्यासाठी थांबलीस त्यांच्याकडे जा. ती शपथा घेऊन सांगत होती की मला निरोपच मिळाला नाही. चार बायकांसमोर भावाने तिला खोटारडी म्हटले. सगळे सांगून झाल्यावर तिने मला विचारले,

"अक्का, दादा आला होता का हो धुळ्याला?"

मी चहा पीत होते. माझ्या अंगात ताप नव्हता, चार वाजता पडदा उघडायचा नव्हता, दाराशी कोणी घाईत उभे नव्हते. मी म्हटले,

"नाही गं. फोनच आला होता."

दाराआडच्या खोट्याला मी घाबरलेपणाची सबब देऊ शकते, आणि बरीच वर्षे देत आले. या दुसऱ्या खोट्याला माझ्याजवळ सबब नाही. तिने ते लगेच खरे मानले. म्हणाली, "म्हणजे स्वतः वेळेवर कळवलं नाही, म्हणून माझ्यावर ढकलतोय." त्या दिवसापासून तिने भावाचे नाव टाकले, आणि त्याने तिचे.

आम्ही पहिले आलो. तिला अभिनयाचे रौप्यपदक मिळाले. दिग्दर्शन माझ्याकडेच राहिले आणि पुढची सहा वर्षे मी नाटके बसवली. जेवढ्या शाली माझ्या खांद्यावर पडल्या त्या सगळ्या त्या मागच्या दारातून आल्या.

माहेर तुटल्यावर पुष्पाने भाड्याची खोली सोडली आणि माझ्याकडे राहायला आली. मीच ये म्हटले. दहा वर्षे ती या घरात राहिली. माझे छातीचे दुखणे सुरू झाल्यावर तिने नाटक सोडले. अंघोळीचे पाणी, औषध, पथ्याची भाकरी, सगळे तिने केले. लेकीने केले नसते इतके केले. राखी पौर्णिमेला ती मशीनवर बसायची ती संध्याकाळपर्यंत उठायची नाही. मी आतल्या खोलीतून मशीनचा आवाज ऐकत पडून राही. दरवर्षी ठरवी की उद्या सांगेन. उद्या तिने ताक आणून दिले की वाटे, सांगितले तर मला ताक कोण देईल. इतक्या हलक्या किमतीला मी तिचा भाऊ ठेवून घेतला होता.

कलम ६. आधीचे मृत्युपत्र रद्द का केले ते.

१९९० च्या मृत्युपत्रात मी राहते घर पुष्पाला दिले होते आणि वर लिहिलेली सगळी हकिगत एका पाकिटात घालून, माझ्या मरणानंतर फोडावे, असे लिहिले होते. मला ते फार थोर वाटले होते. गेल्या ऑगस्टात तो कागद ओलीने खराब झाला म्हणून बन्सीलाल मास्तरांना चांगल्या अक्षरात उतरवून द्यायला सांगितले, आणि पाकीटही दिले. त्यांनी वाचले. चष्मा काढून त्या पाकिटावर ठेवला.

"बाई, हे तुम्ही गेल्यावर तिनं वाचायचं?"

"हो."

"मग तिनं भांडायचं कुणाशी? फोटोशी?"

मी म्हटले, घर तर देते आहे तिला.

"घराचं राहू द्या. धनसिंगभाऊ पन्नाशीच्या पुढे आहेत. तुम्ही आणखी दहा वर्षं जगलात तर त्या दोघांची दहा वर्षं आणखी जातील. तुमच्या मरणाची वाट त्यांनी का बघायची?" असे म्हणून त्यांनी कागद न उतरवता परत दिला. बेचाळीस वर्षांच्या ओळखीत ते माझ्यावर एवढे एकदाच रागावले.

पुष्पा मागच्या अंगणात सुपात दादर ज्वारी निवडत होती. मी पाटावर बसले आणि सांगितले. दोन्ही खोटी सांगितली, दाराआड उभी राहिले तेही सांगितले. ती निवडत राहिली. सूप संपले तेव्हा खडे मुठीत घेऊन उठली, बाहेर टाकून आली आणि उभ्याउभ्या म्हणाली,

"मी दहा वर्षं त्याला खोटा म्हटलं, अक्का."

मी तिचा हात धरायला गेले.

"नको," ती म्हणाली. "मला आत्ता तुमची दया येईल, आणि मला ती यायला नकोय."

संध्याकाळी हातगाडीवर शिलाई मशीन ठेवून ती गेली. स्वयंपाक करून, झाकून गेली. माझी औषधे कोणत्या वेळी कोणती ते कागदावर लिहून भिंतीला लावले होते. तो कागद मी वाचू शकले नाही, मास्तरांनी वाचून दाखवला.

दिवाळीनंतर मी पिंपळनेरला गेले. मास्तर सोबत होते. धनसिंग खळ्यात भुईमुगाच्या शेंगा पसरत होते. दहा वर्षांत केस पांढरे झालेले. मला त्यांनी लगेच ओळखले. मास्तरांना खाट दिली. मला बस म्हटले नाही, ते योग्यच होते. मी उभी राहून सगळे सांगितले.

ते म्हणाले, "मन्हा देखत तुम्ही मझार गयात."

"आत गेले. दाराआड थांबले. तिच्यापर्यंत गेलेच नाही."

हातातली शेंग त्यांनी फोडली, दाणे खाल्ले नाहीत. मग बोलले. "मी घर उनू तवय माय शुद्धीवर व्हती. तिनी पुसं, पुष्पा उनी का? मी सांगं, ती येत नही." टरफल खाली टाकून म्हणाले, "मी मायले सांगं ते."

पुष्पा आली का, असे आईने विचारले, आणि ती येत नाही हे माझे खोटे तिला मुलाच्या तोंडून ऐकावे लागले. मी उभी राहिले. घरातून त्यांची बायको चहा घेऊन आली, त्यांनी तिला परत पाठवले नाही. मास्तरांनी कप घेतला, मी घेतला नाही.

मग धनसिंगने विचारले, "तिनी काम कसं करं, त्या दिनले?"

मला आधी कळलेच नाही. त्यांनी पुन्हा विचारले. आपल्या बहिणीला त्यांनी कधीच रंगमंचावर बघितले नव्हते. मी त्यांना 'वाट्याची विहीर' पहिल्या अंकापासून सांगितले. पुष्पा कुठून यायची, कुठे थांबायची, दिरासमोर पदर कसा खोचायची, पाणी मागताना आवाज चढवायच्या ऐवजी उतरवायची तो कसा. सांगताना मला एकदम कळले की मी ते सगळे तालमींवरून सांगते आहे. त्या दिवशीचे नाटक मलाही ऐकू आले नव्हते. तेही मी त्यांना सांगितले. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. पुष्पाने जाताना मागे ठेवलेले तिचे पदक मी सोबत नेले होते, ते खाटेवर ठेवले. त्यांनी ते उचलून बंडीच्या खिशात घातले.

"गाडी साडेपाचले शे," एवढेच म्हणाले, आणि पुन्हा शेंगा पसरायला लागले.

कलम ७. राहते घर.

जळगाव येथील माझे राहते घर, खाली दोन खोल्या, वर एक, मागे अंगण व आड, हे माझ्या एकटीच्या नावावर आहे. जानेवारीत मी मास्तरांच्या हाती पुष्पाला निरोप पाठवला की घर अजूनही तुझेच आहे. तिने उलट निरोप दिला, "अक्कांना सांगा, घर घेतलं तर त्यांच्या खोट्याची किंमत मी घेतल्यासारखं होईल. मला नको." तिला आग्रह करू नये.

म्हणून हे घर बाहेरगावाहून जळगावला नाटकात काम करायला येणाऱ्या बायकांसाठी ठेवावे. ज्या बाईला उतरायला जागा नाही तिने इथे उतरावे. मोठी असो, नवखी असो, नवऱ्याने टाकलेली असो, कोणत्याही जातीची असो. तिला जेवायला घराच्या आत, स्वयंपाकघरात पान वाढावे. वरची खोली भाड्याने द्यावी, त्यातून घराची डागडुजी व शिधा चालवावा. व्यवस्था बन्सीलाल मास्तरांनी बघावी, त्यांच्यानंतर ते नेमतील त्या बाईने. घराला माझे नाव देऊ नये. दर्शनी भिंतीवरचा माझा सत्काराचा फोटो काढून टाकावा. तिथे काहीही लावू नये. आणखी एक अट: या घरात उतरलेल्या कोणा बाईसाठी निरोप आला तर तो तिच्या हाती त्याच क्षणी द्यावा. पडदा वर गेलेला असला तरी.

कलम ८. बचत व अंत्यविधी.

डाकघरातल्या खात्यातून माझ्या अंत्यविधीचा खर्च करावा, उरेल ते घराच्या व्यवस्थेकडे जावे. अग्नी लीलाधरने द्यावा, त्याची तयारी असेल तर. मी विचारलेले नाही. मंडळाने शोकसभा घेतली तर कोणी माझी जिद्द, माझा त्याग यावर बोलू नये. एवढे म्हणावे की नाटक बसवायला तिला येत होते. ते खोटे होणार नाही.

कलम ९. साक्षीदारांबद्दल.

आज सकाळी मी मास्तर आणि शेजारचे डॉक्टर यांना साक्षीला बोलावले होते. वकीलसाहेब कागद तपासत होते. अकराच्या सुमारास दारात पुष्पा उभी राहिली. सहा महिन्यांनी. तिच्या मागे, दोन पावले बाहेर, धनसिंग. दोघे एकमेकांकडे किती वेळा गेले, काय बोलले, मला माहीत नाही, आणि विचारण्याचा हक्क मला नाही. ती पाया पडली नाही. कशी आहात, असेही म्हणाली नाही. मास्तरांनी तिला या कागदाचे सांगितलेले दिसते.

"वाचून दाखवा," ती वकीलसाहेबांना म्हणाली.

त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचले. धनसिंग दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. पाचवे कलम आले तेव्हा मी खाली बघू लागले. मग मान खाली घालायची नाही असे ठरवले आणि वर बघितले. पुष्पा माझ्याकडेच बघत होती. पूर्ण वाचन होईपर्यंत तिने नजर काढली नाही.

वाचून झाल्यावर तिने विचारले, "साक्ष कोण घालतंय?"

वकीलसाहेबांनी सांगितले, आणि म्हणाले, "या मृत्युपत्रात ज्यांना काही मिळतं त्यांनी साक्षीदार असू नये, एवढं बघायचं."

"मला काही मिळतं का यात?"

"नाही."

"दादाला?"

"नाही."

पुष्पाने पदराने हात पुसले आणि पेन मागितले. धनसिंग चौकटीपाशीच होते. ती त्यांच्याकडे न वळता म्हणाली, "दादा, मझार ये. सही कर."

ते चपला बाहेर काढून आत आले. हे शेवटचे कलम मी त्यांच्यासमोर लिहीत आहे. दोघे खिडकीखालच्या बाकावर बसले आहेत, मधे थोडी जागा सोडून. मी लिहायला वेळ लावते आहे, हे दोघांनाही कळत असावे. वकीलसाहेब घड्याळ बघत आहेत. आता थांबते.

ठिकाण: जळगाव
तारीख: १८ फेब्रुवारी १९९४

सही
कुंदाबाई जीवराम भारंबे

वरील सर्व मजकूर आम्हां दोघांना वाचून दाखवण्यात आला. तो आम्ही ऐकला. लिहिणाऱ्या बाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार
१. पुष्पाबाई निंबा भामरे, राहणार जळगाव
२. धनसिंग निंबा भामरे, राहणार पिंपळनेर, तालुका साक्री, जिल्हा धुळे